एडिसनला गेलं म्हणजे मुलगी मराठी राहील का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं, की तुम्ही आयोवातल्या एका लहान गावात राहता, मुलगी ११ वर्षांची, वर्गात ती एकटीच भारतीय. शाळा सुटल्यावर पिकअप लाइनमध्ये गाडीची काच वर गेल्याशिवाय ती तुम्हाला मराठीत बोलू देत नाही आणि कुणी "तू कुठली?" विचारलं की "इथलीच" म्हणून विषय संपवते. मिस्टरांना न्यू जर्सीत जॉब मिळतोय, त्यांचं म्हणणं की तिथल्या एडिसन गावाला गेलो की सगळं आपोआप ठीक होईल, तिथे सगळे आपलेच. तुम्हाला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते नेमकं सांगताही येत नाहीये.

मी न्यू जर्सीतच राहते. गेली २१ वर्षं रविवारची मराठी शाळा चालवतेय आणि सोमवार ते शुक्रवार एका सरकारी मिडल स्कूलमध्ये काउन्सेलर आहे, त्यामुळे आपली मुलं मला दोन्हीकडून दिसतात, रविवारी आईबाबांनी आणून सोडलेली आणि मंगळवारी दुपारी माझ्या केबिनमध्ये येऊन गप्प बसलेली. त्या अनुभवावरून सांगते, तुमचा खरा प्रश्न आयोवा की एडिसन हा नाहीच. तुमच्या मुलीला रोज कोण भेटणार, किती वेळा भेटणार आणि ती त्यांच्यात कोण म्हणून वावरणार, हा आहे. आजूबाजूला आपली किती घरं आहेत ते मोजून काही कळत नाही, भेटी मोजाव्या लागतात.

आधी हेही कबूल करते की यातलं बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. मुलीचा स्वभाव, तिचं एखाद्या मैत्रिणीशी किती घट्ट आहे, आजीआजोबा येऊन राहतात का, तुम्ही नवराबायको आपसात कुठल्या भाषेत बोलता, हे मला माहीत नाही. ११ ते १४ हे वय असं असतं की कुठल्याही गावात मुलं आईबापांपासून थोडी लांबच उभी राहतात, शंभर टक्के अमेरिकन घरातली मुलंसुद्धा, त्यामुळे काच वर करण्यातलं सगळंच मराठीच्या खात्यात टाकू नका.

आता एडिसनचं. इथे ओक ट्री रोडवर एक चक्कर मारली की साड्यांची दुकानं, चाटवाले, सोनार, सगळं आहे, शाळेत अर्धा वर्ग भारतीय असं सहज होतं. तुमच्या मुलीला "तू कुठली" हा प्रश्न इथे फारसा कुणी विचारणार नाही आणि तेवढ्यानेही तिला मोकळं वाटेल, ते मी नाकारत नाही. पण ती इथे कोण होईल? ती देसी होईल. वर्गातल्या तिच्या मैत्रिणी तेलुगू, गुजराती, तमिळ, पंजाबी असतील, त्यांच्यातली बोलायची भाषा इंग्लिश, एकत्र येण्याचं निमित्त म्हणजे नवरात्रातला गरबा नाहीतर शाळेची बॉलिवूड डान्स टीम. गुजराती आणि तेलुगू बोलणारी माणसं अमेरिकेत मराठी बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त आहेत, त्यामुळे या देसी घोळक्यात मराठीचा वाटा लहानच असतो. माझ्या शाळेतल्या किती मुली गरबा सुंदर करतात आणि त्यांना मंगळागौरीचा एक खेळ माहीत नसतो. त्यात वाईट काही नाही, ही पण एक खरी ओळख आहे, इथे जन्मलेल्या मुलांनी इथेच तयार केलेली. फक्त तुमच्या मिस्टरांना जी हवी आहे ती ही नाही, एवढं त्यांना आधी कळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, गर्दी आपल्या माणसांची असली की आपल्यातले फरक वर येतात. आयोवात तुमची मुलगी आणि बाकीचा वर्ग एवढाच फरक आहे. इथे अमेरिकेत जन्मलेला "कन्फ्यूज्ड देसी" कोण आणि नुकताच भारतातून आलेला "फॉब" कोण यावरून मुलं एकमेकांना छळतात. बाराव्या वर्षी पुण्याहून आलेला एक मुलगा माझ्याकडे रडत आला होता, त्याला चिडवणारी सगळी मुलं भारतीय घरातली होती आणि त्याच्या उच्चारांची नक्कल करत होती. आणि जात सोबत येते, हे आपण मोकळेपणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. माझ्या ओळखीच्या एका मुलीला एका घरगुती कार्यक्रमात एका काकूंनी आडनावावरून दोन-तीन प्रश्न विचारले, तिला त्या प्रश्नांचा अर्थ घरी जाऊन आईकडून कळला आणि त्यानंतर ती आपल्या लोकांच्या कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. सिअॅटल शहराने २०२३ मध्ये जातीभेदाविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही केला. आपल्या माणसांशी संपर्क म्हणजे कायम ऊबच मिळते असं गृहीत धरू नका.

आता जरा लांबचं उदाहरण देते, कारण मला स्वतःला हे सगळं त्यातून कळलं. आपल्या कोकणातले बेने इस्राएल. अलिबाग, पेण, रोहा, नवगाव या पट्ट्यात शतकानुशतकं राहिलेले ज्यू लोक, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव दिलं. घरात मराठी, बायका साडी नेसणाऱ्या, आडनावं गावावरून पडलेली, पेणकर, राजपूरकर, नवगावकर. आता बघा, आजूबाजूचे सगळे मराठीच बोलायचे, मराठीच खायचे, त्यामुळे मराठी असणं हे कुणाच्या डोळ्यात येण्यासारखं नव्हतं, वेगळं काय होतं तर शनिवार. म्हणून कोकणात ते "इस्राएली". ही ओळख त्यांच्या मनात होतीच, पण गावाशी रोजचा व्यवहार होता म्हणून ती रोज वापरली जायची.

मग १९४८ ला इस्राएल देश झाला आणि पुढच्या वीसेक वर्षांत यांच्यातले बहुतेक तिकडे गेले, दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत. आता आजूबाजूचे सगळेच ज्यू, शनिवार सगळ्यांचाच, मग वेगळं काय उरलं? रंग, मराठी, जेवण. तिथे त्यांना लोक "होदीम" म्हणायला लागले, म्हणजे भारतीय. माणसं तीच, घरातली भांडी तीच, पण समोरचा बदलला तशी ओळख बदलली. आणि हे फक्त नावापुरतं राहिलं नाही. सुरुवातीच्या वर्षांत काम आणि वागणूक यावरून यांच्यातल्या काही जणांनी धरणं धरलं, १९५२ च्या आसपास काही कुटुंबं परत भारतात आली. पुढे १९६२ पासून तिथल्या धर्मगुरूंच्या मंडळाने यांच्या लग्नाच्या वेळी कुळाची चौकशी लावली, तुम्ही खरे ज्यू का अशी, आणि त्यावरून इतकं मोठं आंदोलन झालं की १९६४ मध्ये तो नियम बदलावा लागला. ज्या माणसाला कोकणात सगळं गाव ज्यू म्हणून ओळखायचं त्याला ज्यूंच्या देशात ते सिद्ध करायला सांगितलं, हे वाचताना माझ्या पोटात आजही कालवतं.

पण याचा दुसरा भाग तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्या काळानंतर मलिदा, म्हणजे पोहे, खोबरं, फळं घालून एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावाने करायचा तो विधी, आणि लग्नाआधीची मेंदी या गोष्टी त्यांच्यात अजून ठळक झाल्या, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. ज्या गोष्टी कोकणात नुसत्या करायच्या म्हणून केल्या जायच्या त्या तिथे "आमच्या" झाल्या. आणि पुढच्या पिढीची मुलं लष्करात आणि शाळेत मोरोक्को, इराककडून आलेल्या घरातल्या मुलांबरोबर वाढली, त्यांच्यात लग्नं झाली, तशी मराठी घरातून कमी होत गेली पण मेंदी राहिली. कुठली गोष्ट राहते आणि कुठली जाते हे कोणाशी किती आणि कसा संबंध येतो त्यावर ठरत गेलं, कुणी बसून ठरवलं नाही.

त्यामुळे तुमच्या मुलीचं "मी इथलीच" हे उत्तर मला खोटं वाटत नाही आणि आपल्याला नाकारणंही वाटत नाही. ते तिच्या वर्गाला दिलेलं उत्तर आहे. वर्गात फक्त एक फरक दिसतो आणि तो तिच्या एकटीच्या अंगावर आहे, तर ती तो झाकतेय. उद्या उन्हाळ्यात ती पुण्याला चुलत भावंडांत गेली तर तीच मुलगी "मी अमेरिकन" म्हणून मिरवेल किंवा "मी पण तुमच्यासारखीच" म्हणून भांडेल, दोन्ही होऊ शकतं आणि तिन्ही उत्तरं खरी असतील.

वाईट संपर्काचं काय, हेही तुम्ही शेवटी विचारलंय, की कुणी काही बोललं तर ती आणखी लांब जाईल का. इथे अभ्यास आहे तो सांगते. पोर्तेस आणि रुम्बाउट या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये सॅन डिएगो आणि दक्षिण फ्लोरिडातल्या स्थलांतरितांच्या पाच हजारांवर मुलांना, आठवी-नववीतल्या, विचारलं की तुम्ही स्वतःला काय म्हणवता, आणि तीन वर्षांनी त्याच मुलांना परत विचारलं. मधल्या काळात, १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये, कॅलिफोर्नियात कागदपत्रं नसलेल्या लोकांना शाळा आणि दवाखाना नाकारणारा १८७ नंबरचा प्रस्ताव मतदानाने पास झाला होता (कोर्टाने पुढे तो अडवला). सगळ्यांची अपेक्षा अशी की मुलं जास्त वर्षं राहिली की जास्त अमेरिकन म्हणवतील. सॅन डिएगोत मेक्सिकन घरातल्या मुलांचं उलटं झालं, "मेक्सिकन-अमेरिकन" म्हणवणारे कमी झाले आणि नुसतं "मेक्सिकन" म्हणवणारे वाढले. तुम्ही आमचे नाही असं सांगितलं गेलं की मुलं उलट फिरून आईबापांचा झेंडा हातात घेतात. आपल्याकडेही झालंय, १९८७ मध्ये जर्सी सिटीत टिकली लावणाऱ्या बायकांना आणि एकूणच भारतीयांना लक्ष्य करून हल्ले झाले, स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवणाऱ्या टोळीकडून, आणि त्या काळातल्या कॉलेजातल्या मुलांनी एकत्र येऊन आवाज उठवला, ज्यांना एरवी आईबाबांच्या कार्यक्रमात यायचा कंटाळा होता त्यांनीसुद्धा.

पण माझ्या केबिनमध्ये जे दिसतं ते इतकं सरळ नसतं. मागे सातवीतल्या दोन मुलांना एकाच बसमध्ये, एकाच आठवड्यात, एकच घाणेरडं वाक्य ऐकावं लागलं. एकाने घरी आईला कुंकू न लावता शाळेत यायला सांगितलं, दुसऱ्याने वहीवर देवनागरीत नाव लिहायला सुरुवात केली. दोघांत फरक काय होता हे मी बरेच दिवस शोधत होते. घरची शिस्त, पूजाअर्चा, मराठी, सगळं सारखंच. दुसऱ्या मुलाला त्याच्यासारखे दोन मित्र होते ज्यांना तो त्याच संध्याकाळी ते वाक्य सांगू शकला, एवढाच फरक. पहिल्याला सांगायला आईबाबाच होते आणि आईबाबांना सांगितलं की ते घाबरतात हे त्याला माहीत होतं. म्हणून मी आईबाबांना म्हणते की अभिमान शिकवायला जाऊ नका, मुलाला सांगायला कुणीतरी त्याच्या वयाचं आहे ना ते बघा.

हेच मला शाळा चालवतानाही कळलं, आणि कळायला सात-आठ वर्षं गेली. आम्ही आधी बाराखडी, श्लोक, शिवाजी महाराज, स्नेहसंमेलन असं सगळं नीट करायचो, हजेरी घ्यायचो आणि तरी आठवी झाली की मुलं गळायची. मग बसून बघितलं की जी टिकली ती कोण. हजेरी चांगली असलेली नव्हती, मराठी उत्तम असलेलीही नव्हती, ज्यांना शाळेत दोन-तीन सख्खे मित्र मिळाले ती टिकली होती. तेव्हापासून आम्ही खाण्याची सुट्टी पंधरा मिनिटांची पाऊण तास केली, पालकांना त्या वेळात वर्गाबाहेर ठेवलं. आणि १४ वर्षांवरच्या मुलांना लहान वर्गांवर मदतनीस म्हणून घेतलं. "दादा, माझं नाव कसं लिहायचं?" असं सहा वर्षांच्या पोराने विचारलं की त्या दादाला घरी जाऊन वेलांटी कुठली ते बघावंच लागतं, आईने शंभर वेळा सांगून जे होत नाही ते इथे होतं कारण आता त्याला त्या जागेत एक काम आहे. मुलगा मराठी कार्यक्रमाला प्रेक्षक म्हणून येतो तेव्हा तो आईबाबांचा मुलगा असतो, दादा म्हणून येतो तेव्हा स्वतःचा असतो.

भाषेबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात "मराठी राहील का" आणि "मराठी बोलेल का" हे एकत्र झालंय. मॉरिशसला १८३४ नंतर ऊसमळ्यांवर करारावर मजूर गेले त्यात कोकणातले मराठी लोकही होते. आज त्यांच्या घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, बोलतात, घरी मराठी बोलणारे अगदी थोडे. पण स्वतःला मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते, गणपती बसतो आणि विसर्जनाला जातो, शाळेत मराठी विषय घेता येतो, मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढे शिकता येतं. म्हणजे बोली गेली तरी एकत्र यायची ठरलेली कारणं राहिली आणि ओळख त्यावर उभी राहिली. याचा अर्थ भाषा सोडून द्या असं नाही, मी भाषेचीच मास्तरीण आहे आणि मला ती जाताना बघून त्रास होतो. पण बोली टिकायला एक असं माणूस लागतं ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलताच येत नाही. बहुतेक घरांत ती आजी असते. आजी सहा महिने येऊन राहिली की मुलाचं मराठी जेवढं सुधारतं तेवढं माझ्या दोन वर्षांच्या रविवारांनी सुधारत नाही, हे मी पालकांना दरवर्षी सांगते.

तर एवढं लक्षात घेऊन मी तुमच्या जागी काय केलं असतं ते लिहिते. जॉब चांगला असेल, पगार, शाळा, तुमचं स्वतःचं काम हे सगळं जमत असेल तर एडिसनला या, छान आहे. पण मुलीला मराठी करण्यासाठी म्हणून येऊ नका, आणि तिला तर ते कारण अजिबात सांगू नका, नाहीतर तिची मैत्रीण, तिचं गाव सोडावं लागल्याचा सगळा राग मराठीवर निघेल. मी हे एका घरात झालेलं बघितलंय, मुलगा चार वर्षं घरात मराठी बोलला नाही.

आयोवातच राहायचं ठरलं तर दीड तासावरच्या मराठी मंडळाच्या वर्षातल्या चार कार्यक्रमांवर भिस्त ठेवू नका. तिथे मुलं नटून येतात, आईबाबांच्या शेजारी बसतात आणि जातात, त्याला भेट म्हणत नाहीत. त्याऐवजी अर्ध्या तासाच्या अंतरात एक-दोन घरं शोधा ज्यांच्याकडे तिच्या वयाची मुलगी आहे, मराठीच पाहिजे असा हट्ट धरू नका, कन्नड असेल, बंगाली असेल तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी, काहीही कार्यक्रम न ठेवता, एकमेकींकडे राहायला जाऊ देत. उन्हाळ्यात भारतात गेलात तर बारा दिवसांत लग्न, खरेदी आणि देवदर्शन असं न करता तिला पाच आठवडे चुलत-मावस भावंडांत सोडा. तिथे तिला तिच्या उच्चारांवरून चिडवतील, ते आधीच भावंडांच्या आईबाबांशी बोलून ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात ते जास्त झालं तर उरलेले चार आठवडे ती आयपॅडमध्ये काढते.

आणि सगळ्यात जास्त भर मी तिच्या गोऱ्या मैत्रिणीवर दिला असता. बहुतेक आईबाबांना वाटतं की बाहेरच्यांशी मैत्री वाढली की आपलं कमी होतं, माझा अनुभव उलटा आहे. गणपतीत त्या मैत्रिणीला घरी बोलवा, मोदक वळायला बसवा, आणि तुम्ही स्वयंपाकघरात थांबा, समजावायला पुढे येऊ नका. मैत्रीण विचारेल की हत्तीचं डोकं का, हे पाण्यात का सोडायचं, आणि उत्तर तुमच्या मुलीला द्यावं लागेल. अर्धवट देईल, चुकीचं देईल, मध्येच "आई, खरंच का गं?" म्हणून आत येईल. आपल्याला जे समजावून सांगावं लागतं ते आपलं होतं. आजवर तिला कुणीतरी परका "तू कुठली" विचारायचा, आता तिची आवडती मैत्रीण विचारतेय, प्रश्न जवळपास तोच आहे पण विचारणारी वेगळी आहे म्हणून ती काच वर करणार नाही.

पिकअप लाइनमधलं तूर्त सोडून द्या, तिथे इंग्लिश बोला, काही बिघडत नाही. गाडी वळली की तिच्याशी मराठीत बोला आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तरी तुमचं वाक्य मराठीतच चालू ठेवा. माझ्या शाळेतली जी मुलं आठवीत सोडून गेली त्यातली कितीतरी कॉलेजात गेल्यावर, डॉर्ममध्ये आपल्यासारखी चार मुलं भेटल्यावर, मला फोन करून विचारतात की पोळ्या कशा करायच्या, मराठी परत कुठून सुरू करायचं. सगळीच करत नाहीत, हेही खरं आहे. जी करतात त्यांना समजत असतं, फक्त बोलता येत नसतं, कारण घरात कुणीतरी मराठीत बोलणं चालू ठेवलेलं असतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आजी किंवा सासूबाई वर्षातून किती महिने येतात आणि त्या आल्या की मुलगी कुणाच्या खोलीत झोपते? तेवढं सांगा, त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.